पाहुण्या बदकांस दोष देण्यापूर्वीं

गेल्या हिवाळ्यांत आमच्या तळ्याकांठीं दोन मेलेलीं रानबदकें सांपडतांच, 'हीं परदेशचीं पांखरें रोग आणितात, फटाके लावून हाकलून द्या,' असा गलका झाला. प्रस्तुत लेखक जन्मभर महसुली कारकून, वैद्य नव्हे. परंतु पंचनाम्यावांचून आरोपी ठरवूं नये, इतकें त्या चाकरीनें शिकविलें.

रानबदकांच्या आतड्यांत कृमि बहुधा असतातच. थोडे असले तर पक्षी निभावून नेतो. फार झाले म्हणजे आतड्यास जखमा होऊन रक्त जातें व पांखरूं रोडावून मरतें. मात्र यांतील पानासारखे चपटे कृमि एका बदकांतून दुसऱ्यांत थेट जात नाहींत. त्यांच्या पिलांस आधीं पाण्यांतील गोगलगाय गांठावी लागते.

अमेरिकेंत मिसिसिपी नदीच्या वरच्या भागांत इ. स. २००२ पासून बुडी मारणारीं बदकें व चांदव्याच्या जातीचे पक्षी हजारोंनीं मेले. पक्षी त्या वाटेनें पूर्वापार येत होते. त्या पाण्यांत नवी होती ती मूळची युरोपांतील एक गोगलगाय. कृमींनीं भरलेल्या अशा गोगलगायी खाल्ल्यावर पक्षी थोड्याच दिवसांत मरत.

म्हणून आमचें मत असें कीं, शेततळ्यासाठीं मत्स्यबीज किंवा कमळाचे कंद बाहेरून आणतांना त्यांबरोबर गोगलगायी येतात काय, हें प्रथम पाहावें. घरचीं बदकें पाहुण्यांच्या पाण्यांत सोडूं नयेत. मेलेलें पांखरूं उघड्या हातानें न उचलतां पशुवैद्यास कळवावें. आमच्या तळ्यावरचीं दोन्ही तर गलका चालू असतांनाच कुत्र्यांनीं ओढून नेलीं.