गेटच्या आत

रांजणगाव एमआयडीसीत पाळी बदलताना कुठल्याही मोठ्या कंपनीच्या दाराशी पाच मिनिटं थांबा. बसगाड्या वळत असतात, गळ्यातली ओळखपत्रं सावरत पोरं आत शिरत असतात आणि त्या गर्दीत एक माणूस जागचा हलत नाही. गणवेश सिक्युरिटी एजन्सीचा. पण बुटांना केलेली पॉलिश, टोपी घालायची रीत आणि उभं राहायची ढब बघून माणूस फौजेतला आहे हे कळायला वेळ लागत नाही. येणारेजाणारे त्याला "राम राम, मेजर" म्हणतात. हुद्दा नाईकाचा असो की हवालदाराचा, आमच्या शिरूर-दौंडकडे पेन्शनवर आलेला फौजी मेजरच असतो. हा मेजर फौजेत नेमकं काय काम करत होता, ते मात्र रोज त्याच्यासमोरून आत जाणाऱ्या बहुतेक साहेबांना ठाऊक नसतं. ते विचारायला हवं, आणि नेमणुकीआधी विचारायला हवं, एवढ्यासाठी आजचा हा लेख.

शिरूरला सैनिक नवा नाही. घोडनदीकाठची ही कंपनी सरकारची जुनी छावणी. ३१ डिसेंबर १८१७ च्या संध्याकाळी कॅप्टन स्टाँटनची तुकडी इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावला तिची लढाई झाली. आज घोडनदी ओलांडून सरळ गेलं की नगरला चिलखती दलाचं आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्र आहे. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत. शिरूर-न्हावरा-चौफुला रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या गावांत पहाटे धावणारी पोरं दिसतात ती भरतीसाठीच. आपण त्यांना मिरवणूक काढून पाठवतो आणि पेन्शनवर आल्यावर पुन्हा मिरवणूक काढून घरी आणतो. त्यानंतरचं आमच्या गावांनी आणि कारखान्यांनी नीट बघितलेलं नाही.

फौजेत जवानाला पंधरा वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन लागू होते. त्यामुळे बहुतेक जण पस्तिशी ते पंचेचाळिशीत घरी येतात. देशभरात दरवर्षी साधारण साठ हजार. मुलं दहावी-बारावीत, आईवडील थकलेले, घर अर्धं बांधलेलं. अंगात काम करायची ताकद आणखी वीस वर्षांची. सरकारी नोकरीत त्यांच्यासाठी जागा राखीव आहेत: राज्यात गट क आणि ड मध्ये १५ टक्के, केंद्राच्या गट क मध्ये १० टक्के, सरकारी बँकांच्या लिपिक वर्गात साडेचौदा टक्के. पण या भरत्या निघायच्या तेव्हा निघतात, आणि परीक्षेला बसायचं ते बाविशीतल्या पोरांच्या शेजारी. खासगी कारखान्यात आरक्षण नाही. तिथे मालकाची नजर काय ती कामाला येते, आणि आमच्याकडे ती नजर गेटपाशीच थांबते.

न्हावऱ्याच्या बाजूचा एक हवालदार माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. ईएमईत होता; म्हणजे फौजेच्या गाड्या, तोफा आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात. राजस्थानच्या वाळूत आणि लडाखच्या थंडीत त्याने इंजिनं उतरवली आणि चढवली आहेत. घरी आला तेव्हा एका कंपनीत ठेकेदारामार्फत लागला, गेटवर, बारा तास. आत हायड्रॉलिक प्रेस बंद पडला की पुण्याहून माणूस यायचा. त्याचं नाव आणि गाडीचा नंबर रजिस्टरमध्ये लिहून घ्यायचं काम याचं. एकदा त्याने सुपरवायझरला सांगितलं, "साहेब, आवाजावरून पंपात हवा धरलीय असं वाटतंय, बघू का?" उत्तर मिळालं, "मेजर, तुम्ही गेट सांभाळा." त्याने आणखी काही महिने गेट सांभाळलं आणि सोडून दिलं. कंपनीच्या दप्तरी कारण लागलं: घरगुती अडचण.

गेटचं काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. दारावर सैनिक ठेवायची प्रथाही जुनी आहे. १८५९ साली लंडनमध्ये कॅप्टन एडवर्ड वॉल्टर यांनी क्रिमियाच्या युद्धातून अधू होऊन आलेल्या सैनिकांसाठी संस्था काढली आणि त्यांना पेढ्यांच्या, इमारतींच्या दारांवर काम मिळवून दिलं. आपल्याकडे खासगी सुरक्षेचा २००५ चा केंद्रीय कायदा माजी सैनिकांना प्राधान्य द्यायची मुभा देतो, आणि राज्याचं माजी सैनिक महामंडळ, ज्याला सगळे मेस्को म्हणतात, तेही मुख्यतः सुरक्षा रक्षकच पुरवतं. ज्याला ते काम मानवतं त्याने ते करावं आणि त्याचा पूर्ण मान घ्यावा. पण ज्याने फौजेत क्वार्टर मास्टर हवालदार म्हणून सगळ्या कंपनीचं सामान लेजरवर सांभाळलं, ज्याने मोटार ट्रान्सपोर्टमध्ये वीस गाड्या आणि त्यांचे ड्रायव्हर चालवले, ज्याने सिग्नलमध्ये संदेशयंत्रणा बसवली किंवा फील्ड हॉस्पिटलात जखमींना सांभाळलं, त्या सगळ्यांना आपण एकाच दारावर एकाच पगारात उभं करतो, हा कारखान्याचाच तोटा आहे.

शिवाय आमच्या भागातल्या गेटची एक वेगळी अडचण आहे. स्क्रॅपचा ठेका, मजूर पुरवायचा ठेका, पाण्याच्या टँकरचा ठेका यांवरून औद्योगिक पट्ट्यात चालणारी दादागिरी सगळ्यांना माहीत आहे. मग व्यवस्थापन म्हणतं, गेटवर फौजी ठेवा, तो कोणाला बधणार नाही. खरं आहे, तो बधत नाही. पण ठेका मागायला येणारा कधी त्याच्या भावकीतला असतो, कधी सोसायटीचा संचालक. कंपनी आणि गाव यांच्या मधोमध उभं राहून दिवसभर दोघांचं ऐकायचं आणि संध्याकाळी त्याच गावात मुलाच्या शाळेपासून ऊस तोडणीच्या टोळीपर्यंत सगळ्यासाठी त्याच लोकांकडे जायचं. सीमेवर समोरचा परका असतो. इथे समोर मेहुणा असतो. हे ओझं ठेकेदाराच्या पगारात एका माणसावर टाकणं अन्यायाचं आहे.

पगाराबद्दल तर स्पष्टच लिहायला हवं. "यांना पेन्शन आहे, कमीत चालेल," हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं आहे की ते बोलणाऱ्यालाही आता ऐकू येत नसावं. पेन्शन ही झालेल्या सेवेची आहे. ती कोणत्याही कारखान्याने दिलेली नाही, त्यामुळे ती वजा करून मजुरी ठरवायचा अधिकारही कोणत्याही कारखान्याला नाही. वडिलोपार्जित दहा एकर ऊस असलेल्या इंजिनियरचा पगार उसाचं बिल बघून कोणी कमी करत नाही.

माणूस टिकत नाही, अशी तक्रार पर्सोनेलवाले करतात. ती खोटी नाही. पण कारणं बघावीत. या माणसाची बायको पंधरा-वीस वर्षं एकटीने कांदा काढत आली, एकटीने सासूसासऱ्यांची दवाखान्याची वारी करत आली. तो घरी आला तो घरात असण्यासाठी. बारा तासांची ड्युटी, त्यावर बदली माणूस आला नाही म्हणून डबल, असं सुरू झालं की घरच्यांना तो पुन्हा पोस्टिंगवर गेल्यासारखाच. ज्या कंपनीत आठ तासांची ठरलेली पाळी आणि ठरलेली सुट्टी आहे, तिथे माजी सैनिक टिकतो, हे मी आमच्याच भागात पाहतो आहे.

आणखी एक कारण आहे, ते बाहेरच्याला चटकन कळत नाही. पलटणीत दरबार भरतो. आता त्याला सैनिक संमेलन म्हणतात. कमांडिंग ऑफिसर समोर बसतात आणि सगळ्यात लहान जवान उठून उभा राहून विचारू शकतो: रजा का मिळाली नाही, लंगरात हे का चालतं, माझ्या क्लेमचं काय झालं. उत्तर तिथल्या तिथे मिळतं किंवा कधी मिळेल ते सांगितलं जातं. शिस्त शिस्त म्हणून आपण जिचं कौतुक करतो ती याच्या जोरावर उभी असते. हुकूम वरून येतो, पण प्रश्न खालून वर जायलाही वाट असते. कारखान्यात तो ठेकेदाराचा माणूस. कंपनी म्हणते ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो कंपनीकडून बिल निघालं नाही. विचारायचं कोणाला, हेच ठरलेलं नसतं. असा माणूस भांडत नाही, संपही करत नाही. एके दिवशी टोपी टेबलावर ठेवून निघून जातो.

फौजीलाही शिकावं लागतं, हे त्याच्याशी बोलताना मी आडपडदा न ठेवता सांगतो. सव्वीस वर्षांचा सुपरवायझर हुद्द्याने मोठा आहे आणि त्याचं ऐकायचं आहे. अर्जात 'एनसीओ' आणि 'ट्रेड' एवढंच लिहून भागत नाही. किती माणसं हाताखाली होती, कोणतं यंत्र हाताळलं, किती किमतीचं सामान ताब्यात होतं, ते साध्या भाषेत लिहावं लागतं. कंपनीत हुकमाने होत नाही ते समजावून करावं लागतं. पण यातलं काहीच अवघड नाही. पहिले सहा महिने कोणी जुना माणूस सोबतीला दिला तर ते होतं.

पुण्याने हे पूर्वी करून दाखवलेलं आहे. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या जवानांना हातातलं काम शिकवण्यासाठी १९१७ साली सुरू झालेली क्वीन मेरी संस्था आजही खडकीत आहे. मुरलीकांत पेटकर हे ईएमईचेच जवान. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात त्यांनी देशाला सुवर्णपदक मिळवून दिलं, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, चित्रपटही निघाला. मला त्यांच्या आयुष्यातली चित्रपटाइतकीच मोठी वाटणारी गोष्ट वेगळी आहे: त्यांनी मदतीपेक्षा काम पत्करलं, आणि पुण्याच्या टेल्कोने त्यांना ते दिलं. तिथे त्यांनी वर्षानुवर्षं नोकरी केली. त्याहून मागे जायचं तर बाबासाहेबांचे वडील, सुभेदार रामजी. ते फौजेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर ते रोखपाल झाले. त्या काळच्या जातीच्या भिंती जागच्या जागी होत्या. तरी लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाकडे हिशेबाचं काम आलं होतं.

रांजणगावात टीव्ही-फ्रिजपासून मोटारींपर्यंत सगळं तयार होतं. दौंड तालुक्यात कुरकुंभला रासायनिक कारखाने आहेत, आणि तिथे लागलेल्या आगींचे लोळ आसपासच्या गावांनी पाहिले आहेत. दारूगोळ्याच्या साठ्याजवळ काय न्यायचं नाही, आग लागली की कोणी कुठे उभं राहायचं, मोजणीत एक माणूस कमी भरला तर काय करायचं, याची सवय वर्षानुवर्षं अंगी बाणलेली माणसं पाटस, वरवंड, केडगावच्या घरांत बसून आहेत. सुरक्षेचा अधिकारी व्हायला पदविका लागते हे मान्य. कंपनीने ती करवून घ्यावी. नवख्या पोरावर खर्च करतोच आपण.

आणि वेळ फार नाही. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली. त्या वर्षाच्या शेवटी आणि २०२३ च्या सुरुवातीला पहिले अग्निवीर प्रशिक्षण केंद्रांत दाखल झाले. त्यांच्या चार वर्षांच्या सेवेचा हिशेब २०२६ च्या अखेरीपासून पुरा होऊ लागतो. त्यांच्यातले पंचवीस टक्क्यांपर्यंत फौजेत राहतील, बाकीचे परत येतील. सुमारे पावणेबारा लाखांचा सेवा निधी सोबत असेल, पेन्शन नसेल. वय विशीतलं. त्यांनाही आपण गेटवरच उभं केलं तर चाळीस वर्षं तिथेच उभं राहावं लागेल, आणि तेही पेन्शनच्या आधाराशिवाय.

माजी सैनिकांची नावं, त्यांचे ट्रेड आणि सेवेची माहिती पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदवलेली असते. रांजणगाव आणि कुरकुंभ या दोन्ही वसाहतींतल्या कंपन्यांनी ठेकेदाराला फोन लावायच्या आधी तिथे पत्र पाठवावं. स्टोअर, देखभाल, वाहतूक, अग्निशमन आणि प्रथमोपचार या पाच विभागांच्या जागा निघतील तेव्हा मुलाखतीला एखादा निवृत्त सुभेदार शेजारी बसवावा. डिस्चार्ज बुक कसं वाचायचं ते त्याला कळतं. नेमणूक कंपनीच्या हजेरीपटावर करावी, ठेकेदाराच्या नको. आणि महिन्यातून एकदा, अर्धा तास का होईना, प्लांट हेडने समोर बसून त्यांचं ऐकून घ्यावं.