तेल्हाऱ्याचे पेंटर आणि कॉम्प्युटरची खुर्ची

कॉम्प्युटरवर चित्र काढणाऱ्याला आपल्याकडे एक शेरा हमखास ऐकावा लागतो. त्यात काय, सगळं मशीनच तर करतं! मी सॉफ्टवेअर लिहूनच पोट भरतो, मशीन स्वतःहून किती कमी करतं ते रोज बघतो, म्हणून हा शेरा मला जरा जास्तच खटकतो. (एआयला एक ओळ सांगून चित्र मागवणं हा वेगळा विषय. त्यावर पुन्हा कधीतरी.) पण शेरा मारणाऱ्यांचीही सगळी चूक नाही. आमच्या तेल्हाऱ्यात कॉम्प्युटरची आणि कलेची गाठ पडली ती फ्लेक्सच्या दुकानात.

फ्लेक्स यायच्या आधी गावातल्या पाट्या पेंटर लोक रंगवायचे. कृषी केंद्र, जिनिंग, कापड दुकान, रसवंती... पत्र्यावर खडू लावलेल्या दोरीने रेघा मारायच्या आणि चपट्या ब्रशने ऑइलपेंटची अक्षरं ओढायची. प्रत्येकाचा 'क' वेगळा, प्रत्येकाची वेलांटी वेगळी. खाली नाव नसलं तरी पाटी कुणाची ते कळायचं. मग फ्लेक्स आला. कोरलड्रॉ उघडा, श्रीलिपीतला एक जाडा फॉन्ट घ्या, पिवळी कड द्या, मागे सावली टाका, झाला वाढदिवसाचा बॅनर! तेल्हाऱ्याचा बॅनर उचलून अकोटात लावला तर चेहरे सोडून काही बदलायला नको.

आता माझं म्हणणं असं की पेंटरला कॉम्प्युटरने हरवलं नाही. त्याला कॉम्प्युटरसमोर कुणी बसवलंच नाही. खुर्ची मिळाली ती माऊस धरता येणाऱ्याला, आणि अक्षर काढता येणारा माणूस दुकानाबाहेर राहिला.

बसवलं असतं तर काय झालं असतं? याचं उत्तर आपल्याकडे आहे, र. कृ. जोशी. 'उल्का' या जाहिरात कंपनीत कलादिग्दर्शक, हाताने अक्षरं काढणारे सुलेखनकार, आणि अक्षरांच्या मांडणीतूनच कविता उभी करणारे कवी. १९८३ मध्ये ते आयआयटी मुंबईच्या आयडीसीत शिकवायला आले. पुढे एनसीएसटीत (ही संस्था नंतर सी-डॅकमध्ये विलीन झाली) त्यांनी प्रोग्रामर लोकांबरोबर भारतीय लिप्यांचे फॉन्ट घडवले. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाला. खरं सांगायचं तर मंगल मला दिसायला फारसा आवडत नाही, स्क्रीनवर बारीक आकारात वाचता यावा म्हणून केलेला फॉन्ट तो. पण कितीतरी मराठी माणसांनी कॉम्प्युटरवर पहिलं मराठी अक्षर पाहिलं ते यातच, आणि ते ठरवणारा माणूस शाई-बोरूवाला होता! २००८ मध्ये जोशी गेले.

कलाकारच का लागतो? एक उदाहरण देतो. रोमन लिहिताना चपटी निब अशी धरतात की डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ जाड येते. देवनागरीचा बोरू उलट बाजूने तिरका कापतात, त्यामुळे जाडी बरोबर दुसऱ्या तिरप्या रेघेत येते. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधले बहुतेक तयार सुलेखन ब्रश रोमनच्या तिरपाचे असतात. त्याने 'क' काढला की काहीतरी बिनसलेलं दिसतं, आणि दोष जातो कॉम्प्युटरला. प्रोग्रामरला यात काय चुकलं ते आठवडाभर कळणार नाही. पाट्या रंगवणारा दोन मिनिटांत सांगेल. क्रिटासारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ब्रशचा कोन बदलायचा म्हणजे एक आकडा बदलायचा, बस.

दुसरी अडचण दाबाची. फोनच्या काचेला बोट टेकलं एवढंच कळतं, किती जोरात टेकलं ते कळत नाही. म्हणून काही अ‍ॅप वेगावरून जाडीचा अंदाज बांधतात. पेन टॅब्लेट मात्र दाब मोजतो, काही तर ८१९२ पायऱ्यांत. ब्रश कुठे दाबायचा आणि कुठे उचलायचा हे ज्याच्या हाताला वर्षानुवर्षं माहीत आहे त्याच्यासाठीच हे यंत्र आहे. आपण ते गेम खेळणाऱ्या पोरांना देतो!

पेंटर आता म्हातारे झाले, ते काय शिकणार, असं कुणी म्हणेल. डेव्हिड हॉकनीने २०११ मध्ये इंग्लंडातल्या वोल्डगेटचा वसंत आयपॅडवर रंगवला तेव्हा तो ७३ वर्षांचा होता. आमच्या भाषेत सांगायचं तर, जमते ना भाऊ, काऊन नाई जमत!

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी पोरं तालुक्यात आहेतच. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ही पोरं, एक जुना पेंटर आणि एक टॅब्लेट एवढं जमवलं तरी सुरुवात होईल. साधा टॅब्लेट तीन-चार हजारांत येतो. पेंटरला मात्र नुसती शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवू नये. बॅनरवाल्याला देतो तसे रोख पैसे द्यावेत.