टिपूमिया

खांसाहेब अब्दुल करीमखां यांनीं एका कुत्र्यास गावयास शिकविलें होतें, असें सांगतांच ऐकणारास हंसूं येतें. त्या कुत्र्याचें नांव टिपूमिया. गवयाच्या सुरांत आपला सूर मिळवावा असें वळण त्याला लाविलें होतें, व खांसाहेबांनीं त्याला सभेंत श्रोत्यांपुढें आणिलेंही होतें. किराणा घराण्याच्या एवढ्या थोर गवयानें विद्येचा असा तमाशा करावयास नको होता, असें कित्येक जाणते म्हणतात. मला हा आक्षेप पटत नाहीं.

ही खटपट करणारा पुरुष रिकामटेकडा नव्हता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व त्यांचे सहकारी क्लेमंट्स साहेब बावीस श्रुतींचा शोध करीत असतां त्यांस खांसाहेबांच्या गळ्याचें साहाय्य झालें. १९१३ सालीं खांसाहेबांनीं पुण्यास आर्य संगीत विद्यालय काढिलें. सूर दुसऱ्याच्या कंठांत कसा उतरवावा, हाच त्यांचा जन्माचा उद्योग. तो त्यांनीं मनुष्यापाशींच थांबविला नाहीं, इतकेंच. शिवाय काम सोपें नव्हे. कुत्रा लांडग्याच्या कुळांतला. आणि लांडगे एकत्र विव्हळूं लागले म्हणजे प्रत्येक जण आपला सूर शेजाऱ्याहून निराळा ठेवूं पाहतो, असें निरीक्षकांनीं लिहिलें आहे. अशा जातीच्या प्राण्यास दुसऱ्याच्या सुरांत आणणें छडीनें साधत नाहीं. कित्येक श्रोते गाण्यापेक्षां कुत्राच पाहावयास आले असतील. पण तो दोष श्रोत्यांचा.

पूर्वीं मीही हंसणारांतलाच होतों. मिरजेस खांसाहेब राहत असत, व १९३७ सालीं ते निवर्तल्यावर तेथील मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांतच त्यांना मूठमाती मिळाली. त्या गांवीं आम्ही कांहीं मुलें सतारमेकरांच्या गल्लींत गेलों होतों. एका दुकानांत एक वृद्ध गवई नव्या तंबोऱ्याची जवारी पारखीत होते; पायाशीं मालकाचें लहानसें कुत्रें निपचित पडलें होतें. कारागिरानें तारेखालचा सुताचा धागा किंचित् सरकविला, खर्जाची तार घुमूं लागली, तशी त्या कुत्र्यानें मान उचलून बारीक सूर काढिला. आम्ही खो खो हंसलों. गवई हंसले नाहींत. त्यांनीं तार थांबविली, आम्हांस हातानें गप्प केलें, पुन्हां तीच तार छेडली, आणि कुत्र्याकडे पाहत त्याची वाट बघत बसले.