आदी पाखरू बग

गव्याचे फोटो काढायला माणसं आमच्याकडं येतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती फोटो काढायच्या तऱ्हेची.

आमचं रान राधानगरी अभयारण्याच्या कडेला. संस्थानच्या काळात दाजीपूरचं हे जंगल शिकारीसाठी राखलेलं. कोल्हापूरच्या दरबारात चित्ते पाळायचे आणि माळावर त्यांच्याकडनं काळवीट मारून घ्यायचे. १९५८ साली दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. १९८५ ला ते वाढवलं, आज साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या वर आहे. बंदूक गेली, कॅमेरा आला. लई चांगलं झालं. पण बंदुकीतला हव्यास तेवढा कॅमेऱ्यात उतरला, असं मला वाटतं.

नाचण्याच्या राखणीला मी वडलांबरोबर माळ्यावर बसायचो. दहा-बारा वर्षांचा असेन. गवे आले की माझी नजर त्यांच्या शिंगावर. वडील म्हणायचे, "शिंगं काय बगतोस? आदी पाखरू बग, मग जनावर."

गव्याच्या पाठीवर साळुंकी बसते. आमच्या म्हशीच्या पाठीवर बसते तशीच. कानामागची, मानेखालची गोचीड टिपते. कोतवाल पाठीवर बसून वाट बघतो. गव्यानं गवतात पाय टाकला की किडे उडतात, ते हा वरच्यावर झेलतो. ढोरबगळे पायांशी फिरतात. हजार किलोच्या जनावराच्या अंगावर ह्यांची जेवणं चालतात, आणि ते जनावर मान खाली घालून चरत असतं. माणसाची चाहूल लागली की बऱ्याचदा आधी पाखरू उडतं. मग गवा मान वर करतो. वडील एवढंच सांगत होते. पाखरू पाठीवर आहे तोवर तू लांब आहेस. पाखरू उडालं की मागं सर.

पुढं वाचनात आलं की आफ्रिकेतही असंच आहे. तिथं हरणाच्या, गेंड्याच्या अंगावर गोचीड खाणारं एक पाखरू बसतं. स्वाहिली भाषेत त्याला गेंड्याचा पहारेकरी म्हणतात, कारण माणूस आला की ते ओरडतं. तिथल्या गुराख्यांनी आणि आमच्या वडलांनी एकमेकांचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. पण दोघांचं शहाणपण एकच.

आता आमच्याकडं काय झालं ते सांगतो. शहरातली तीन-चार पोरं आली. बोलायला गोड. आमच्याच सोप्यात चहा घेतला, भाकरी खाल्ली. सकाळी अभयारण्याच्या बाहेर, ओढ्याच्या पलीकडं कळप चरत होता. पोरांनी ड्रोन सोडला. डोक्यावर घोंगावणारं ते यंत्र गव्यानं जन्मात बघितलं नव्हतं. साळुंक्या उडाल्या आणि कळप उधळला, तो थेट आमच्या उसात. आमचा थोरला भाऊ पाणी पाजत होता. त्याला आवाज आला, पण सरीतनं माणूस पळणार किती? धडकेनं बांधावर फेकला गेला. दोन बरगड्या मोडल्या. जीव वाचला, तो नशिबानं. आज तो खोरं उचलत नाही.

पोरं घाबरून निघून गेली. महिन्याभरानं मला कुणीतरी मोबाईलवर त्यातलाच फोटो दाखवला. शेपूट वर, माती उडवत धावणारा गवा. खाली लिहिलेलं, 'सह्याद्रीचा बेफाम राजा'. हजारो लोकांना आवडला होता. तो बेफाम नव्हता, बाबांनो. भ्यालेला होता. फोटो खोटा नव्हता, त्याच्या खालचा शब्द खोटा होता.

९ डिसेंबर २०२० ला पुण्यात, कोथरूडला, वाट चुकलेला एक गवा आला. माणसं मागं धावली, मोबाईल वर धरून. जनावर भिंतींवर आदळत फिरलं. पकडलं तेव्हा रक्तबंबाळ होतं, आणि त्याच दिवशी मेलं. आम्हाला अडाणी म्हणणाऱ्या शहरानं हे केलं.

कुणी म्हणेल, फोटोमुळंच लोकांना जंगलाची ओढ लागते, गावात चार पैसे येतात. खरं आहे. एका ठिकाणी तीन-तीन तास गप बसणारी, शेवटी फोटो न मिळाला तरी हसत जाणारी माणसंही मी बघितली आहेत. त्यांना माझा नमस्कार. हे लिहितोय ते त्यांच्यासाठी नव्हे.

आणि आमचे हात स्वच्छ आहेत असंही नाही. आमच्या लहानपणी मेलेलं ढोर माळावर टाकलं की गिधाडं उतरायची. दिवसाभरात नुसता सांगाडा उरायचा. आता कित्येक वर्षांत एक गिधाड मी बघितलेलं नाही. आम्ही दुखण्यावर ढोरांना डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं टोचून घेतली. तसलं ढोर मेलं, गिधाडानं खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं जायची. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती. म्हशीच्या अंगावर गोचिडाचं औषध मारताना पाठीवरच्या साळुंकीचा विचार मीही कधी केला नाही. आम्ही न बघता मारलं. तुम्ही तर बघायलाच येता. मग नीट बघा की!

माझं मागणं मोठं नाही. फोटोच्या खाली राजा-बिजा लिहू नका. किती लांबून काढला, किती वेळ बसून काढला, आणि काढताना पाठीवरचं पाखरू होतं की उडालं, एवढं लिहा. उडालं असेल तर तो फोटो कुणाला दाखवू नका. ज्यानं तो बक्षिसाला निवडायचा, त्यानंही आधी हेच विचारावं.

भाऊ अजून सकाळी काठी टेकत बांधापर्यंत जातो. लांब ओढ्याकडं गवे दिसले की थांबतो. डोळे बारीक करून त्यांच्या पाठीकडं बघतो. मग मला हाक मारून सांगतो, "हाईत पाखरं. जा तू, पाणी पाज."