काम बाहेर, मालकी घरात

नवा उद्योग उभारणाऱ्या तरुणापाशी कल्पना असते, उमेद असते. उणीव असते ती भांडवलाची आणि मनुष्यबळाची. उत्पादन बाजारात येईपर्यंत पाच-सहा कुशल अभियंत्यांचे वेतन सोसणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. अशा वेळी संगणकीय उत्पादनाच्या विकसनाचे काम बाहेरच्या चमूकडे सोपविणे, म्हणजेच आउटसोर्सिंग, हा व्यवहार्य मार्ग ठरतो. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. स्वीडन व डेन्मार्क येथील दोन उद्योजकांनी २००३ मध्ये आणलेल्या ‘स्काइप’ची आज्ञावली एस्टोनियातील अभियंत्यांनीच लिहिली होती.

मात्र स्काइपचाच पुढील इतिहास सावध करणारा आहे. २००५ मध्ये ‘ईबे’ने ही कंपनी सुमारे २६० कोटी डॉलरला विकत घेतली, परंतु तिच्या गाभ्याचे तंत्रज्ञान संस्थापकांच्या ‘जोल्टिड’ या वेगळ्या कंपनीकडेच राहिले. २००९ मध्ये ईबे स्काइपमधील मोठा हिस्सा विकावयास निघाली, तेव्हा हा वाद न्यायालयात गेला. अखेर त्याच वर्षी तडजोड झाली. तंत्रज्ञान व भांडवल यांच्या मोबदल्यात संस्थापकांच्या गटाला १४ टक्के हिस्सा मिळाला आणि तंत्रज्ञान स्काइपच्या मालकीचे झाले. बलाढ्य कंपनीला हा वाद पेलवला. नवउद्योजकाला तो पेलवणार नाही.

आपल्याकडे पैसे मोजले की वस्तू आपली, असा सर्वसाधारण समज असतो. आज्ञावलीच्या बाबतीत तो फसवा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत असलेल्या कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या आज्ञावलीचा प्रथम मालक, वेगळा करार नसल्यास, नियोक्ता असतो. कंत्राटदाराचे तसे नाही. त्याच्याकडील हक्क स्वाक्षरीनिशी लेखी हस्तांतरित व्हावे लागतात. करारात मुदत नमूद नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांपुरते, आणि प्रदेश नमूद नसेल तर भारतापुरतेच मानले जाते. एका वाक्याच्या अभावी उद्योगाचा पायाच परक्या हाती राहू शकतो.

म्हणून पहिला हप्ता देण्यापूर्वी करार व्हावा. कामाच्या टप्प्यांनुसार पैसे द्यावेत आणि प्रत्येक टप्प्याला सोर्स कोड ताब्यात घ्यावा. उत्पादनाची रचना जाणणारी एक तरी व्यक्ती घरची असावी. ग्राहकाला काय हवे, हे ठरविण्याचे काम तर बाहेर देऊच नये.

रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये वित्तीय सेवांच्या आउटसोर्सिंगविषयी बँकांना मार्गदर्शक तत्त्वे दिली, तेव्हा हाच विवेक सांगितला होता. काही कामे बाहेर देता येतील. परंतु कर्जमंजुरीसारखे निर्णय बँकेनेच घ्यावेत आणि अंतिम जबाबदारीही तिचीच राहावी.

कंत्राटदाराशी वाद झाला म्हणून कर्जाचा हप्ता थांबत नाही. तेव्हा उद्योजकाने कर्जप्रस्तावासोबत हा करारही पुढे ठेवावा. शाखेतील अधिकाऱ्यानेही ताळेबंदाइतक्याच आस्थेने तो वाचावा. त्यात दोघांचेही हित आहे.