डबा बदला, भाजी राहू द्या

लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर दिला की दोन दिवसांत व्हिडिओवाल्याला फोन ठरलेला: ‘दादा, टीव्हीवर आवाज येतोय, चित्रच नाही.’ फाइल तर त्याच्या संगणकावर झकास चाललेली असते. मग तो रात्री बसून ती नव्या साच्यात ओततो. दुसऱ्या दिवशी मुलाकडच्यांचा फोन. त्यांच्याकडे टीव्ही वेगळा.

भानगड समजायला डबा आणि भाजी वेगळी करावी लागते. एमपी४, एमकेव्ही हे डबे. आतलं चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरलंय, ती भाजी. २००३ साली आलेली एच.२६४ पद्धत बहुतेक सगळ्या टीव्हींना पचते. २०१३ची एच.२६५ निम्म्या जागेत जवळपास तोच दर्जा देते, पण जुन्या टीव्हीला ती कळत नाही. तो आवाज ऐकवतो आणि पडदा काळा ठेवतो. जागा वाचवायला म्हणून एच.२६५ निवडणारा व्हिडिओवाला फोनची सोय स्वतःच करून ठेवतो.

शंभर फाइली एकेक करून बदलायच्या नसतील तर दोन फुकट हत्यारं आहेत. हँडब्रेकमध्ये फाइली रांगेत लावायच्या, तयार साचा निवडायचा आणि झोपायला जायचं. (आवृत्तीला १.० हा आकडा लावायला हँडब्रेकच्या मंडळींनी तेरा वर्षं घेतली. तो २०१६च्या नाताळच्या आदल्या दिवशी लागला.) दुसरं एफएफएमपेग. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली ते सुरू केलं. त्याला खिडक्या-बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचे. पण फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलवर तोच हुकूम फिरवणाऱ्या चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली की काम आपोआप चालतं.

गंमत अशी की बऱ्याच फाइलींना या पुन्हा दाबण्याच्या दळणाची गरजच नसते. आत एच.२६४ असेल आणि टीव्हीला फक्त एमकेव्ही हा डबा नको असेल, तर एफएफएमपेगला ‘कॉपी’ सांगायचं. भाजी तशीच, डबा नवा. तीन तासांची फाइल काही मिनिटांत तयार, आणि दर्जात तसूभर फरक नाही. हँडब्रेक चित्र असं जसंच्या तसं उचलत नाही, ते नव्याने दाबतंच; दाबलेलं पुन्हा दाबलं की थोडं काहीतरी गळतंच. म्हणून चांगली स्क्रिप्ट आधी एफएफएमपेगसोबतच येणाऱ्या एफएफप्रोबला विचारते, आत काय आहे? एच.२६४ असेल तर कॉपी, नसेल तरच दळण. सरसकट सगळं दळणारी स्क्रिप्ट लिहायला सोपी असते, पण तिला आळशीच म्हटलं पाहिजे.

स्क्रिप्ट फसते ती मात्र भलत्याच ठिकाणी. ‘हळद फायनल २’ असं मोकळ्या जागा सोडून नाव दिलं आणि अवतरणचिन्हं विसरली, की तिला त्या तीन वेगळ्या फाइली वाटतात. याहून खोडसाळ प्रकार म्हणजे फाइलींची यादी ओळीओळीने वाचणारी स्क्रिप्ट. एफएफएमपेग कीबोर्डकडे कान लावून बसलेलं असतं, त्यामुळे यादीतली पुढची अक्षरं तेच गिळतं. पहिली फाइल नीट होते, दुसरीच्या नावाची सुरुवात गायब. ‘नो-एसटीडीइन’ एवढा एक शब्द हुकमात घातला की ते थांबतं. हा शब्द सापडेपर्यंत माणूस हार्डडिस्कलाच शिव्या घालत असतो.

इतकं करूनही पेनड्राइव्ह उरतोच. सेकंदाला आठ मेगाबिट दराने तीन तासांची फाइल जवळपास पावणेअकरा जीबी भरते. जुन्या टीव्हीला चालणारा, फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह ४ जीबीहून मोठी एक फाइल घेत नाही. एक्सफॅट केला तर टीव्ही पेनड्राइव्हच ओळखत नाही. दर उतरवला तर शालूवरच्या जरीचे चौकोन दिसू लागतात. तेव्हा स्क्रिप्टमध्ये आणखी एक ओळ वाढते आणि लग्नाचे तीन तुकडे पडतात: सीमांतपूजन, मुहूर्त, पंगत.