पदार्थविज्ञानाची सूट कोणाच्या मुलांना?

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या नव्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातील एक तरतूद वृत्तपत्रांतून लोकांसमोर आली. दहावीच्या परीक्षेत गणित आणि विज्ञान या विषयांत पस्तीसऐवजी वीस गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला अकरावीचा मार्ग मोकळा राहील. मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर असा शेरा येईल की, पुढे गणित वा विज्ञानावर आधारलेले शिक्षण त्याला घेता येणार नाही. शेरा नको असेल त्याने पुन्हा परीक्षेला बसावे. थोडा गवगवा झाला. तरतूद लगेच लागू होणार नाही, नव्या अभ्यासक्रमाबरोबर ती येईल, असा खुलासा झाला आणि चर्चा तेथेच थांबली. आपल्या चळवळीतील अनेक साथींनीही या प्रश्नावर मौन पाळले. गरिबांची मुले नापास होणार नसतील तर विरोध कशाला, असा त्या मौनाचा अर्थ होता.

या मौनामागे सद्भावना आहे, ती आधी समजून घेतली पाहिजे. दहावीत नापास झालेली शेतमजुराची मुलगी बहुधा पुन्हा शाळेची पायरी चढत नाही. तिचे लग्न ठरते. नापास झालेला यंत्रमाग कामगाराचा मुलगा इचलकरंजीत बापाच्या शेजारच्या मागावर उभा राहतो. एका विषयापायी कोणाचे सारे शिक्षण संपावे, हा न्याय नव्हे. हे सर्व मान्य करूनही या तरतुदीला आपण कडाडून विरोध केला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या रोगावर हा उतारा सांगितला जात आहे तो रोग नापास होण्याचा नाही, न शिकवण्याचा आहे. शासन येथे स्वतःची जबाबदारी माफ करून घेत आहे आणि माफीपत्रावर नाव मात्र मुलाचे घालत आहे.

प्रथम आजच्या परीक्षेचा हिशेब मांडू. विज्ञानाचा विषय शंभर गुणांचा. त्यातील लेखी परीक्षा ऐंशी गुणांची, चाळीस-चाळीसच्या दोन भागांत. उरलेले वीस गुण प्रात्यक्षिकाचे, आणि ते शाळेच्या हातात. उत्तीर्ण होण्यास एकूण पस्तीस हवेत. निकालाची टक्केवारी हीच जेथे शाळेची अब्रू मानली जाते, तेथे आपल्या विद्यार्थ्याचे हे वीस गुण कापणे कोणत्या मुख्याध्यापकाला परवडेल? ते वीस पदरात पडले की ऐंशीपैकी पंधरा पुरतात. आता पदार्थविज्ञानाचा वाटा पाहा. २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात हा विषय पहिल्या भागात येतो. त्या भागातील दहा प्रकरणांपैकी गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन, भिंगे आणि अवकाश मोहिमा ही सहा प्रकरणे त्याची. ही सहाही प्रकरणे कोरी सोडणारा विद्यार्थी उरलेल्या रसायनावर आणि जीवशास्त्रावर पंधरा गुण सहज मिळवू शकतो. म्हणजे पदार्थविज्ञानापुरती पस्तीसची अट आजही केवळ कागदावरच आहे. आणि ऐंशी-वीसची हीच विभागणी कायम ठेवून उत्तीर्णतेची रेषा विसावर आणली, तर लेखी उत्तरपत्रिका पूर्ण कोरी देणाराही पुढे जाईल! अशा व्यवस्थेला परीक्षा का म्हणावे?

शाळेच्या हातातील गुणांचे वजन किती, याचा एक प्रयोग महाराष्ट्राने नकळत करून पाहिला आहे. २०१८ मध्ये दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये अभ्यासक्रम नवा झाला आणि भाषा व सामाजिक शास्त्रे यांतील शाळेने द्यावयाचे गुण बंद झाले, निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली. ते गुण परत आणले गेले आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झाला नव्हता, हेही ध्यानात घ्यावे. २०२१ मध्ये तर महामारीमुळे परीक्षाच झाली नाही, तेव्हा निकाल ९९.९५ टक्के लागला. तीन वर्षांत मुलांच्या आकलनात एवढी भरती-ओहोटी झाली, असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती मोजपट्टी.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले, म्हणून या घटनेचे मला दिसणारे रूप सांगतो. ही चलनवाढ आहे. सरकार नोटा छापत सुटले की सर्वांच्या हाती पैसा दिसतो, पण त्या पैशाला बाजारात किंमत राहत नाही. मग धनिक काय करतात? ते सोने घेतात, जमीन घेतात. मजुराजवळ मात्र तीच घसरलेली नोट उरते. दहावीच्या गुणांचे नेमके असेच झाले आहे. मंडळाचा गुण स्वस्त झाला, तेव्हा उच्च शिक्षणाच्या बाजारात दुसरे चलन आले. त्याचे नाव सीईटी, नीट आणि जेईई. हे चलन शाळेत मिळत नाही. ते कोचिंग क्लासमध्ये, लातूरला किंवा कोट्याला जाऊन, वर्षाला लाखांच्या घरात फी मोजून विकत घ्यावे लागते. तेथे पदार्थविज्ञानाला सूट नाही. तेथे तर पदार्थविज्ञान हीच चाळणी आहे. डॉक्टरचा मुलगा दहावीत किती गुणांची अट आहे याची चौकशीही करीत नाही. वीस गुणांची दया ज्याच्यासाठी आहे तो भुदरगडच्या, शाहूवाडीच्या, गगनबावड्याच्या वाडीवरचा मुलगा. पुन्हा परीक्षेला बसण्याची मुभा त्यालाही आहे, असे सांगितले जाईल. ज्या शाळेत पहिल्या वेळी विषय शिकवला गेला नाही, त्याच शाळेच्या आधाराने तो दुसऱ्या वेळी काय लिहिणार?

आता परीक्षेत विचारले जाते काय, तेही पाहू. नियम लिहा, व्याख्या लिहा, नामनिर्देशित आकृती काढा, सूत्रात किंमती घालून उत्तर काढा. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करणाऱ्यास यात अडचण नाही आणि विषय समजलेल्यास यात वाव नाही. हा दोष केवळ आपलाच आहे असेही नाही. १९९२ मध्ये अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बल आणि गती यांच्या मूलभूत कल्पनांवर बहुपर्यायी प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध केली. तीत आकडेमोड नव्हती. रोजच्या व्यवहारातील साधे प्रसंग होते. सूत्रे वापरून अवघड गणिते सोडविणारे महाविद्यालयीन विद्यार्थी या साध्या प्रश्नांना अडखळले. हार्वर्डचे प्राध्यापक एरिक मॅझूर यांनी आपल्याच वर्गाला ती चाचणी दिली आणि निकाल पाहून आपली शिकवण्याची पद्धत बदलली. त्यांनी उत्तीर्णतेची रेषा खाली ओढली नाही.

असे साधे प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यात शोधायला दूर जावे लागत नाही. राधानगरी धरण भरले की त्याचे स्वयंचलित दरवाजे विजेवाचून आणि माणसाचा हात न लागता उघडतात. दर पावसाळ्यात ती बातमी घरोघर वाचली जाते आणि पंचगंगेकाठची गावे राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडे डोळे लावून बसतात. ते दरवाजे कोणत्या बलाने उघडतात आणि पाणी उतरल्यावर का मिटतात, हे दहावी उत्तीर्ण झालेल्या किती मुलांना सांगता येईल? पाणी शंभर अंशांवर उकळते असे पुस्तक सांगते. मग गुऱ्हाळावरच्या काहिलीतला रस आटत आला की त्याचे तापमान शंभराच्या बरेच वर का चढते? शिरोलीच्या फाउंड्रीत ओतीव भागाचा पॅटर्न मूळ मापापेक्षा किंचित मोठा का करतात? गुळव्याला आणि पॅटर्न करणाऱ्या मिस्त्रीला यांची उत्तरे हाताने ठाऊक असतात. त्यांची मुले तेच ज्ञान अर्धेमुर्धे घेऊन शाळेत येतात. त्या ज्ञानाला नियमाची भाषा देणे हे शाळेचे काम. ती भाषा आली की नाही हे पाहणे परीक्षेचे काम. आजची परीक्षा मात्र त्या मुलाला व्याख्येतला एक शब्द चुकला म्हणून गुण कापते आणि त्याच्याजवळ असलेले ज्ञान विचारतच नाही. श्रमिकाच्या मुलाला पदार्थविज्ञान झेपत नाही, ही समजूत या परीक्षेने निर्माण केली आहे. उद्याचा शेरा त्या समजुतीवर सरकारी शिक्का मारील.

हे बदलता येते का? आपल्याच देशात ते करून दाखविलेले आहे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात सोळा ग्रामीण शाळांतून विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो उभारला. शास्त्रज्ञ आणि विद्यापीठांतील अध्यापक त्याला येऊन मिळाले. पुढे १९८२ पासून एकलव्य संस्थेने तो सांभाळला. सहावी ते आठवीची मुले स्वतः प्रयोग करीत आणि त्यांवरून निष्कर्ष काढीत. त्याला साजेशी परीक्षाही त्यांनी घडविली. लेखी परीक्षेला मुले पुस्तक आणि वही उघडी ठेवून बसत, कारण पाठांतर तपासायचेच नव्हते; प्रात्यक्षिकाची परीक्षा खरोखरीची होती. सरकारी शाळांतील, सामान्य घरांतील ही मुले होती. तीस वर्षे हे काम चालले आणि २००२ मध्ये राज्य सरकारने ते बंद केले. मुले असमर्थ ठरली म्हणून ते थांबले नाही. सत्तेने हात काढून घेतला म्हणून थांबले.

खर्चाचा प्रश्न येथेच येतो. प्रयोगशाळेला खोली लागते, साहित्य लागते, साहित्य फुटते, पुन्हा घ्यावे लागते. विज्ञानाच्या शिक्षकाची रिकामी जागा भरावी लागते. अनुदानित शाळेला वेतनेतर अनुदान वेळेवर आणि पुरेसे द्यावे लागते. विनाअनुदानित शाळेतील शिक्षकाला पोटापुरते वेतन द्यावे लागते. उत्तीर्णतेची रेषा पस्तीसवरून विसावर आणण्यास एक पैसा लागत नाही. अंदाजपत्रकातील ही बचत आहे. तिची किंमत मात्र जो मुलगा पंधराव्या-सोळाव्या वर्षी विज्ञानाचा दरवाजा कायमचा बंद करून घेतो, तो आयुष्यभर कमी मजुरीच्या रूपाने फेडत राहतो.

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये विज्ञान आणि गणित हे विषय पहिल्या दहा वर्षांत सर्वांना सक्तीने शिकवावेत, अशी शिफारस केली. त्या शिफारशीचा गाभा असा की, विज्ञान ही कोणा एका वर्गाची मिरास राहू नये. त्याच्याही अर्धशतक आधी, १९१७ मध्ये, शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. बहुजनांच्या मुलांना अक्षरे जड जातात, तेव्हा त्यांना निम्म्या मुळाक्षरांवर सोडून द्यावे, असा सल्ला देणारे विद्वान त्या काळीही मिळाले असते. महाराजांनी शाळा काढल्या, वसतिगृहे काढली, मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड ठेवला. १९०२ मध्ये राखीव जागा दिल्या, आणि त्या जागांवर बसण्याचे सामर्थ्य यावे म्हणून शिक्षणही दिले. हक्क आणि सवलत यांतील भेद त्या राजाला कळत होता. लोकशाही सरकारला तो कळू नये, ही शरमेची गोष्ट आहे.

तेव्हा आपली भूमिका निःसंदिग्ध असली पाहिजे. नापासाचा शिक्का नको, ही मागणी आपली जुनीच आहे. ती सोडण्याचे कारण नाही. एका विषयात मागे पडलेल्या मुलाला अकरावीत जरूर जाऊ द्या. पण त्याच्या गुणपत्रिकेवर बंदीचा शेरा मारू नका, आणि त्या विषयाचे जादा वर्ग शासनाच्या खर्चाने त्याला द्या. प्रात्यक्षिकाची परीक्षा दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांसमोर, हातात साहित्य देऊन घ्या. लेखी परीक्षेत निम्मे प्रश्न तरी असे विचारा की ज्यांची उत्तरे पुस्तक उघडून मिळणार नाहीत. आणि या सर्वांआधी प्रत्येक माध्यमिक शाळेला प्रयोगशाळा व विज्ञानाचा पूर्णवेळ शिक्षक द्या.

साथींनी आता आपापल्या गावातील माध्यमिक शाळेत जावे. प्रयोगशाळेचे कुलूप शेवटचे कधी उघडले ते विचारावे, भिंगे आणि तापमापक मोजावेत, विज्ञान कोण शिकवतो याची नोंद घ्यावी. बारा तालुक्यांच्या अशा नोंदी हाती आल्या की त्या घेऊन जिल्हा परिषदेवर आणि कोल्हापूरच्या विभागीय मंडळावर जाता येईल. वीस गुणांच्या दयेबद्दल शासनाशी बोलायचे ते त्या दिवशी, हातात तो कागद घेऊन.